कॅमेरा कुठे उभा होता? युद्धानंतरचे अमेरिकन लँडस्केप फोटो वाचताना

ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरचा १९४४ सालचा एक फोटो आहे. खाली नजर जाईल तिथवर धोंडेच धोंडे, त्यातले काही चांगलेच मोठे, आणि मागे ढगांतून उतरणारा उजेड अंगावर घेऊन उभा असलेला डोंगर. माउंट विल्यमसन, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा रांगेतलं चार हजार तीनशे मीटरच्या वरचं शिखर. माणूस नाही, रस्ता नाही, घर नाही. पहिल्यांदा बघताना वाटतं की पृथ्वी नुकतीच तयार झालीये आणि अजून कुणी तिच्यावर पाऊल ठेवलेलं नाहीये.

आता फोटोचं पूर्ण नाव वाचा. माउंट विल्यमसन, सिएरा नेवाडा, मॅन्झनारहून. सगळी गोष्ट त्या शेवटच्या शब्दात आहे.

मॅन्झनार ही एक छावणी होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या साधारण १ लाख २० हजार लोकांना घरं, दुकानं, शेती सगळं मागे टाकायला लावून दहा छावण्यांमध्ये नेऊन ठेवलं, यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक अमेरिकन नागरिक होते, आणि एकेकट्या माणसावर खटला वगैरे चालवायची गरज कुणाला वाटली नाही. एकट्या मॅन्झनारमध्ये दहा हजारांवर माणसं होती. लाकडी बराकी, भोवती काटेरी तार, आठ टेहळणी मनोरे. ॲडम्स १९४३-४४ मध्ये तिथे फोटो काढायला गेला होता, कारण छावणीचा प्रमुख त्याच्या ओळखीचा होता. मात्र तार, मनोरे आणि बंदूकधारी पहारेकरी यांचे फोटो काढायचे नाहीत अशी अट होती. डोंगराचा तो फोटो या फेऱ्यांमधलाच, गाडीच्या टपावर बसवलेल्या फळीवर मोठा कॅमेरा लावून काढलेला.

हे कळल्यावर फोटो परत बघा. धोंडे तेच, उजेड तोच, फोटोत काहीच बदललेलं नाहीये, पण मला तरी तो पूर्वीसारखा बघता येत नाही. हा डोंगर हजारो लोक रोज सकाळी उठून बघत होते आणि त्यांना त्याच्याकडे चालत जायची परवानगी नव्हती.

युद्धानंतरची लँडस्केप फोटोग्राफी समजून घ्यायची म्हणजे काय करायचं, असं कुणी विचारलं की मी इथूनच सुरुवात करते. लेन्स, ॲपर्चर, रूल ऑफ थर्ड्स हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारायचं की कॅमेरा कुठे उभा होता, तिथे त्याला कुणी उभं राहू दिलं, आणि त्या वर्षी त्या जागी काय चाललं होतं. कारण निसर्गाचा फोटो आपल्याला फार सहज फसवतो. माणसाचा फोटो बघताना आपण लगेच विचारतो की हा कोण, कुठला, काय करतो. डोंगराचा फोटो बघताना मात्र आपण नुसतं वा म्हणतो आणि पुढे जातो, जसं काही डोंगराला इतिहास नसतोच.

हा फोटो काढला युद्ध चालू असताना, पण त्याचं खरं आयुष्य सुरू झालं युद्धानंतर. जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एडवर्ड स्टायकेनने 'द फॅमिली ऑफ मॅन' नावाचं प्रचंड प्रदर्शन भरवलं, ६८ देशांमधले ५०३ फोटो, सगळी माणसं एकाच कुटुंबातली असं सांगणारं. माउंट विल्यमसन तिथे भिंतीएवढा मोठा करून लावला होता. त्या प्रदर्शनात फोटोखाली जेमतेम देश आणि फोटोग्राफरचं नाव एवढंच असायचं. म्हणजे मॅन्झनार हा शब्द गळला आणि डोंगर उरला, अख्ख्या मानवजातीचा डोंगर म्हणून. हे प्रदर्शन नंतर जगभर फिरलं, १९५६ मध्ये आपल्या मुंबईतही आलं होतं. शीतयुद्धाचा काळ होता, अमेरिकन सरकारची माहिती संस्था ते देशोदेशी फिरवत होती, आणि बघणाऱ्यांपर्यंत एक उदार, सगळ्यांना सामावून घेणारी अमेरिका पोचावी असा त्यामागे उद्देश होता. छावणी बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

ॲडम्सवर हा खटला नाहीये, हे इथेच सांगते. त्याने १९४४ मध्येच मॅन्झनारमधल्या माणसांचं पुस्तक काढलं, ती माणसं आपल्याइतकीच अमेरिकन आहेत हे ठामपणे मांडणारं, आणि युद्ध चालू असताना असं काही छापायला धैर्य लागतं. पण त्याचं असंही म्हणणं होतं की भोवतालच्या भव्य निसर्गाने त्या लोकांना बळ दिलं. या वाक्यापाशी मी दर वेळी अडखळते. दिलंही असेल काहींना. पण तारेच्या आत असलेल्या माणसाला डोंगरातून काय मिळतं हे बाहेरून आलेल्या आणि संध्याकाळी बाहेर जाणाऱ्या माणसाने सांगणं, यात काहीतरी राहून जातं.

त्याच परिसरातला, त्याच वर्षीचा ॲडम्सचा आणखी एक फोटो बघायलाच हवा. लोन पाइन गावाहून दिसणारी हिवाळ्यातली पहाट, मागे बर्फाची उजळलेली रांग, मध्ये काळ्या टेकड्या, पुढे कुरणात उन्हाच्या पट्ट्यात चरणारा एक घोडा. त्या काळ्या टेकडीवर प्रत्यक्षात गावातल्या शाळेच्या मुलांनी पांढऱ्या रंगात एल आणि पी ही दोन भलीमोठी अक्षरं काढलेली होती. ॲडम्सने ती फोटोतून घालवली आणि यावर त्याच्याशी वाद घालणारेही होते. आपण गडावर काढलेल्या फोटोतून मोबाईलचा टॉवर एका टॅपमध्ये पुसतो तेव्हा नेमकं हेच करत असतो. पुसू नये असं मी म्हणत नाहीये. काय पुसलं ते कळलं की फोटो काढणाऱ्याला जग कसं हवं होतं ते कळतं, आणि ॲडम्सला ते माणसाच्या खुणा नसलेलं हवं होतं.

ही एकट्या माणसाची आवड नव्हती, अमेरिकेच्या संस्कृतीत ती खोल मुरलेली होती. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये योसेमिटी खोऱ्याचे मोठ्या काचेच्या प्लेटवर फोटो काढले, १८६४ मध्ये लिंकनने ते खोरं राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली, आणि त्या फोटोंमधलं खोरं शांत, रिकामं, देवाघरचं दिसतं. पण दहाच वर्षं आधी, १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियन नावाची शस्त्रधारी तुकडी त्याच खोऱ्यात शिरली होती, तिथल्या अवानीची लोकांना हुसकावायला. जागा रिकामी सापडली नव्हती, रिकामी केली गेली होती. पुढे १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात रानाची जी व्याख्या आली तिच्यात माणूस हा पाहुणा आहे, तो तिथे राहत नाही, अशा अर्थाचे शब्द आहेत. ज्यांचे पूर्वज तिथे हजारो वर्षं राहिले त्यांनी हे वाचून काय म्हणायचं?

आणि तरीही या फोटोंनी जमिनी वाचवल्या हे खरंच आहे. सिएरा क्लब या संस्थेने फोटोंची मोठाली पुस्तकं काढून धरणांविरुद्ध, रस्त्यांविरुद्ध जनमत तयार केलं. एलियट पोर्टरने कोलोरॅडो नदीच्या ग्लेन कॅनियन या घळीचे रंगीत फोटो काढले ते तर तिथे धरण होत असताना. पुस्तक आलं १९६३ मध्ये, धरणाचे दरवाजे बंद झाले त्याच वर्षी, आणि पानांवर दिसणाऱ्या त्या लाल घळी हळूहळू पाण्याखाली गेल्या. ते फोटो नुसते सुंदर म्हणून बघितले तर अर्धेच बघितले. ती मृत्युलेखाची पानं आहेत.

आता दुसऱ्या बाजूला वळूया, कारण याच वर्षांत बाकीच्या अमेरिकेची जमीन कल्पनेपलीकडे बदलत होती. १९४४ च्या जीआय बिल या कायद्याने परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरासाठी स्वस्त लोन मिळायला लागलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांमध्ये १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं, एकसारखी १७ हजारांहून जास्त घरं, कारखान्यात मोटार जोडावी तशी जोडलेली. १९५६ मध्ये हायवेचा कायदा झाला, ४१ हजार मैलांचं जाळं. गाडी आहे, रस्ता आहे, लोन आहे, मग शहराबाहेर घर घ्यायचं. त्यांचा सबर्ब म्हणजे आपली मुंबईची उपनगरं नव्हेत बरं का, तिथे लोकल नाही, गर्दी नाही, एकमजली सुटी घरं, प्रत्येकापुढे हिरवळीचा तुकडा आणि दूध आणायलाही गाडी. आणि ही घरं सगळ्यांसाठी नव्हती. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्या नसलेल्या माणसाला तिथे राहू द्यायचं नाही असं सरळ कलम होतं, आणि सरकारी हमी देणारी संस्थाही काळ्या लोकांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून बाजूला ठेवत होती. युद्ध लढून आलेल्या काळ्या सैनिकाला तेच बिल लागू होतं, पण घर मिळत नव्हतं.

हे सगळं फोटोत कसं आलं? पहिलं उदाहरण विल्यम गार्नेट. १९५० मध्ये लॉस एंजेलिसजवळ लेकवुड नावाची साडेसतरा हजार घरांची वसाहत उभी राहत होती आणि तिच्या बिल्डरांनी गार्नेटला विमानातून फोटो काढायचं काम दिलं. त्याने टप्प्याटप्प्याने काढले, आधी सपाट केलेली जमीन, मग खणलेले चर, मग पाया, मग लाकडी सांगाडे, मग तयार घरं. वरून बघितल्यावर ते विणकामासारखे दिसतात, खूप देखणे. बिल्डरला ते हवे होते काम किती जोरात चाललंय हे दाखवायला. आणि पुढच्या दशकात तेच फोटो सबर्बवर टीका करणाऱ्यांनी वापरले, बघा माणसाला कसं साच्यात घालून ठोकून काढलंय म्हणून. फोटो तेच, निगेटिव्ह तीच. म्हणून कॅमेरा कुठे होता याच्या जोडीला मी दुसरा प्रश्न ठेवते, की फोटो कुठे छापला गेला आणि बाजूला काय लिहिलं होतं.

आता या विषयातली सगळ्यात गाजलेली घटना. ऑक्टोबर १९७५, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, जॉर्ज ईस्टमन हाऊस हे फोटोग्राफीचं संग्रहालय. विल्यम जेंकिन्स नावाच्या क्युरेटरने न्यू टोपोग्राफिक्स नावाचं प्रदर्शन लावलं आणि त्याच्या नावातच पुढे होतं, माणसाने बदललेल्या जमिनीचे फोटो. दहा फोटोग्राफर: रॉबर्ट ॲडम्स, लुईस बॉल्ट्झ, जो डील, फ्रँक गोल्की, निकोलस निक्सन, जॉन शॉट, स्टीफन शोर, हेन्री वेसल, आणि जर्मनीचे बर्न्ड आणि हिला बेखर हे जोडपं. टोपोग्राफिक म्हणजे नकाशा काढणारा जसं जागेचं वर्णन करतो तसं, आवडनिवड बाजूला ठेवून. भिंतींवर होतं काय, तर मोटेल, पार्किंग, नवी घरं, गोदामं, रस्त्याचे कोपरे. शोर सोडला तर सगळे ब्लॅक अँड व्हाइट. आलेल्या बऱ्याच लोकांना कळेना की यात बघायचं काय, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही, मीही पहिल्यांदा हे फोटो बघितले तेव्हा भराभर पानं उलटली होती. ते हळू बघावे लागतात.

रॉबर्ट ॲडम्सचा घ्या (ॲन्सेलशी नातं काही नाही, आडनाव तेवढं सारखं). इंग्रजीचा प्राध्यापक होता, किशोरवयापासून कोलोरॅडोत राहिलेला, शिकून परत आला तर ओळखीचं माळरान घरांखाली गेलेलं. १९६८ चा त्याचा एक फोटो आहे कोलोरॅडो स्प्रिंग्जचा. साधं बैठं घर, पुढे गवत, आणि खिडकीत, आरपार येणाऱ्या उजेडात, एका बाईची काळी आकृती. बस्स. बहुतेक लोक लगेच म्हणतात की किती एकटी आहे ती. थांबा. ती फोनवर बोलत असेल, कुणाला हाक मारत असेल, आपल्याला काय माहीत. एकटेपणा आपण लावतो कारण सबर्बमधल्या बाईबद्दल त्या दशकात जे लिहिलं बोललं गेलं ते आपल्या डोक्यात असतं. फोटोत जे आहे ते एवढंच, की चौकटीत चौकट, आणि आत एक जिवंत माणूस. संदर्भ वापरायचा पण फोटोच्या तोंडात शब्द कोंबायचे नाहीत, ही रेघ मला अजूनही दर वेळी नव्याने शोधावी लागते.

त्याचा दुसरा, १९६९ चा. संध्याकाळ, मागे पाइक्स पीक हे प्रसिद्ध शिखर, पुढे पेट्रोल पंप आणि त्यावर पेटलेली पाटी: फ्रंटियर. तो पंपाचा ब्रँड होता. पण अमेरिकेत फ्रंटियर म्हणजे वस्ती जिथे संपते आणि मोकळी जमीन सुरू होते ती कड, गोऱ्या वसाहतवाल्यांचा सगळा पराक्रम त्या शब्दाभोवती रचलेला. हे माहीत नसेल तर ही पाटी नुसती पाटी, माहीत असेल तर शंभर वर्षांचा इतिहास त्या ट्यूबलाइटमध्ये उजळतो. आणि उजेड खरंच सुंदर आहे, हे विसरू नका. रॉबर्ट ॲडम्स या घरांवर चिडलेला आहे, पण त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हावर त्याचा जीव आहे, म्हणूनच त्याचे फोटो मला बाकीच्यांपेक्षा जास्त जवळचे वाटतात.

बॉल्ट्झ वेगळा. त्याने १९७४ मध्ये अर्व्हाइनजवळच्या नव्या औद्योगिक वसाहतींचे ५१ फोटो एकत्र आणले. कोऱ्या भिंती, बंद दारं, एखादं झुडूप. आत काय बनतं ते भिंतीवरून कळायला मार्ग नाही, मोजे बनत असतील नाहीतर क्षेपणास्त्राचे भाग, आणि त्या काळच्या दक्षिण कॅलिफोर्नियात संरक्षण खात्याच्या पैशावर केवढे उद्योग चालायचे हे माहीत असेल तर ती कोरी भिंत एकदम थंडगार वाटायला लागते. जो डील उंचावरून खाली बघतो, क्षितिज फ्रेमच्या बाहेर ठेवतो, त्यामुळे आकाश नाही, आणि आकाश नाही म्हटल्यावर लँडस्केपमधून भव्यताच गेली, उरले नुसते प्लॉट आणि कुंपणं.

हे १९७५ लाच का झालं असेल? एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण आसपास काय होतं ते बघा. एप्रिल १९७० मध्ये पहिला अर्थ डे (वसुंधरा दिन) होऊन गेला होता. १९७३ च्या तेलसंकटात पंपांवर रांगा लागल्या होत्या आणि गाडीवर उभं केलेलं सगळं जगणं पहिल्यांदाच डळमळलं होतं. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनचा राजीनामा, १९७५ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाम युद्धात सायगाव पडलं. मोठ्या आवाजात सांगितलेल्या गोष्टींवरचा लोकांचा विश्वास उडाला होता, आणि अशा वेळी काही फोटोग्राफरना आवाज खाली आणून नुसतं दाखवावंसं वाटलं तर नवल नाही.

बेखर जोडप्याची गोष्ट मात्र अमेरिकन चष्म्यातून वाचली तर चुकते. ते १९५९ पासून एकत्र काम करत होते, पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या, सगळं ढगाळ उजेडात, सरळ समोरून. रॉचेस्टरच्या प्रदर्शनात त्यांचे पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींचे फोटो होते आणि बाकीच्यांच्या शेजारी ते अगदी शोभून दिसले. पण त्यांचा हा कोरडेपणा दुसऱ्या मातीतला आहे. जर्मनीत नाझी काळात निसर्ग, गाव, मायभूमी यांचे भावनेने ओथंबलेले फोटो प्रचारासाठी भरमसाट वापरले गेले होते. त्या सगळ्यानंतर ज्यांनी कॅमेरा हातात घेतला त्यांना धुकं, सूर्यास्त, नांगर धरलेला शेतकरी यातलं काहीच निरागसपणे वापरता येण्यासारखं नव्हतं. शिवाय पन्नासच्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या रूर भागातल्या कोळसा खाणी बंद पडायला लागल्या होत्या, म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर नवं बांधलं जाताना बघत होते आणि बेखर जुनं पाडलं जायच्या आधी नोंदवत होते. दोन्ही फोटो दिसायला भाऊभाऊ, घरं वेगळी.

न्यू टोपोग्राफिक्सचा तो तटस्थपणा खरा होता का, हा प्रश्न नंतर बरेच जण विचारायला लागले आणि तो रास्त आहे. दहा जणांत बाई एकच, हिला बेखर. घरांचे फोटो खूप, पण त्या घरांमध्ये कुणाला येऊ दिलं नव्हतं हे फोटोंवरून कळत नाही. काही जण स्वतःच पुढे गेले. रॉबर्ट ॲडम्सने डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स या अणुबॉम्बचे प्लुटोनियमचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या साध्या माणसांचे फोटो काढले, पार्किंगमध्ये, दुकानांबाहेर, कडेवर पोरं घेतलेली, आणि १९८३ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. कारखान्यात १९५७ आणि १९६९ मध्ये मोठ्या आगी लागल्या होत्या. हे फोटो लँडस्केप आहेत का? माझ्या मते आहेतच, कारण किरणोत्सर्गाची धूळ फोटोत येत नाही, ती ज्यांच्या श्वासात जाते त्यांनाच दाखवावं लागतं. रिचर्ड मिझराक तर नेवाडातल्या नौदलाच्या बॉम्बफेकीच्या मैदानातच कॅमेरा घेऊन शिरला, खड्डे, गंजलेले बॉम्ब, आणि वर अप्रतिम गुलाबी आकाश. ती जागा राष्ट्रीय उद्यान करा असा प्रस्तावही त्याने १९९० च्या पुस्तकात मांडला. तिथला लोन रॉक हा खडक उत्तर पाइयूट लोकांसाठी पवित्र आहे.

परत मॅन्झनारला येते, कारण एक कॅमेरा सांगायचा राहिलाय. टोयो मियाताके हा लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोमधला स्टुडिओवाला फोटोग्राफर, बायकामुलांसकट त्याच छावणीत होता. तिथल्या लोकांना कॅमेरा बाळगायला बंदी होती. त्याने एक लेन्स लपवून आत आणली, छावणीतल्याच एका सुताराकडून लाकडाची पेटी करून घेतली आणि तिचा कॅमेरा बनवून चोरून फोटो काढायला लागला, नंतर उघड काढायची परवानगीही मिळाली. ॲन्सेल ॲडम्स त्याला भेटला, त्याच्या कुटुंबाचे फोटोही ॲडम्सने काढलेत. मियाताकेचा सगळ्यांत ओळखला जाणारा फोटो तीन मुलांचा आहे. मुलं काटेरी तारेपाशी उभी आहेत, एकाचा हात तारेवर आहे, आणि फ्रेममध्ये टेहळणीचा मनोरा आहे.